लिलावातून अस्सल डीव्हीडी घेताना : माझा अनुभव

ऑनलाइन लिलावात डीव्हीडी घेणारा माणूस बहुधा मुखपृष्ठाचा फोटो, विक्रेत्याचा फीडबॅक आणि किंमत एवढ्या तीन गोष्टी पाहून बोली लावतो. या तिन्ही गोष्टी बनावट माल विकणाऱ्याला सहज जमवता येतात. खुद्द डिस्क मात्र त्याला तितक्या सहज जमत नाही, आणि म्हणून गेली काही वर्षे मी खरेदीचा निर्णय मुखपृष्ठावरून न घेता डिस्कवरून घेत आलो आहे. त्यासाठी काय काय पाहावे लागते आणि बनावट डिस्क हाती आल्यावर पैसे परत कसे मिळवावे लागतात, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. आमच्या घरी स्टुडिओ जिब्लीच्या जपानी ॲनिमेशनपटांची सर्वांनाच मनापासून आवड आहे, आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांच्यासाठी जुन्या मराठी चित्रपटांचा शोधही चालू असतो. दुकानांतून डीव्हीडी आता जवळजवळ हद्दपार झाल्या आहेत आणि ज्या आवृत्त्यांची छपाई थांबली आहे त्या ईबेसारख्या लिलावस्थळांवरच मिळतात. तेथे प्रामाणिक संग्राहकही भरपूर आहेत, हे आधीच सांगितले पाहिजे. माझ्या संग्रहातील उत्तमोत्तम डिस्क मला अशाच लोकांकडून मिळाल्या आहेत.

बनावट डीव्हीडी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिली घरी संगणकावर कोऱ्या डिस्कवर उतरवलेली. ती ओळखणे सोपे असते, कारण कोऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असल्यामुळे तिची खालची बाजू जांभळट किंवा निळसर दिसते. दुसरी कारखान्यात साच्यातून दाबून काढलेली असते, आणि ती अस्सल डिस्कसारखीच चंदेरी असते. ‘खालची बाजू चंदेरी म्हणजे माल खरा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो फक्त पहिल्या प्रकाराला लागू पडतो. जिब्लीच्या चित्रपटांच्या बाबतीत अडचण येते ती दुसऱ्या प्रकाराची.

बोली लावण्याआधी मी सर्वप्रथम साधा हिशेब करतो. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट आणि दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ गिगाबाइट मजकूर मावतो. दोन तासांचा चित्रपट चांगल्या दर्जाने आणि दोन भाषांतील ध्वनीसह द्यायचा असेल तर त्यालाच बहुतेक सगळी डिस्क लागते. असे असताना एखादा विक्रेता स्टुडिओचे पंधरा-सतरा चित्रपट मोजक्या डिस्कवर ‘संपूर्ण संच’ म्हणून देत असेल, तर एकेका डिस्कवर तीन-चार चित्रपट कोंबलेले आहेत हे फोटो न पाहताही कळते. चित्र इतके दाबलेले असते की जलरंगांतली आकाशे चौकोनी ठिपक्यांनी भरून जातात. ज्या चित्रकारांनी एकेक चित्र हाताने रंगवले त्यांच्या कामाची ही अवस्था पाहताना मला खरोखर वाईट वाटते, आणि अस्सल प्रतीचा आग्रह धरण्यामागे माझे तेच मुख्य कारण आहे.

त्यानंतर मी वितरक पाहतो. ब्रिटनमध्ये हे चित्रपट स्टुडिओकॅनलने प्रकाशित केले आहेत. अमेरिकेत आधी डिस्नेने आणि २०१७ पासून जीकिड्सने. मोठे स्टुडिओ आपली डिस्क ठरावीक प्रदेशापुरती बांधतात, म्हणजे ती त्याच प्रदेशासाठी बनवलेल्या प्लेअरवर चालते; त्यासाठी जगाचे क्रमांक दिलेले प्रदेश पाडलेले आहेत. ब्रिटन, युरोप आणि जपान दुसऱ्या प्रदेशात येतात, अमेरिका पहिल्या आणि भारत पाचव्या. त्यामुळे अशा चित्रपटावर ‘ऑल रीजन’ लिहिलेले असणे, उपशीर्षकांत चिनी भाषा असणे आणि माल ब्रिटनमध्ये असल्याचे सांगून तो येण्यास तीन आठवडे लागतील असे म्हणणे, या गोष्टी एकत्र दिसल्या की मी ती नोंद बंद करतो. शिवाय ब्रिटनमध्ये १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्यानुसार चित्रपटाच्या डीव्हीडीवर वयोगटाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते देणाऱ्या बीबीएफसी या मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक शीर्षक शोधता येते.

फीडबॅकबाबत माझे मत जरा कठोर आहे. शंभरातले नव्व्याण्णव ग्राहक समाधानी असल्याने डिस्क अस्सल ठरत नाही, कारण त्यांपैकी बहुतेकांना ती बनावट आहे हे कळलेलेच नसते. मी फक्त नाराज ग्राहकांचे शेरे वाचतो आणि तोच विक्रेता आणखी काय विकतो ते पाहतो. एकाच दुर्मीळ चित्रपटाच्या सीलबंद प्रती त्याच्याकडे डझनावारी असतील, तर त्या आल्या कोठून हा प्रश्न विचारावाच लागतो.

या सगळ्यातून पार पडलेल्या विक्रेत्याला मी संदेश पाठवतो : डिस्कच्या खालच्या बाजूचा आणि मधल्या छिद्राभोवतीच्या कड्याचा जवळून घेतलेला फोटो कृपया पाठवावा. संग्राहक असेल तर तो आनंदाने पाठवतो. ‘डिस्क सीलबंद आहे, उघडता येणार नाही’ असे उत्तर आले आणि वस्तू जुनी म्हणून विकली जात असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नसतो. बोली लावताना मी माझी कमाल रक्कम एकदाच भरून ठेवतो. यंत्रणा आपोआप त्या मर्यादेपर्यंत थोडी थोडी बोली वाढवत नेते, त्यामुळे शेवटच्या मिनिटाला चढाओढ करण्याचा प्रसंग येत नाही.

इतके करूनही मागच्या हिवाळ्यात एक बनावट डिस्क माझ्या हाती आलीच. विक्रेत्याने पाठवलेले फोटो खऱ्या डिस्कचे होते. आलेली डिस्क वेगळी होती. मुखपृष्ठ ब्रिटिश आवृत्तीचे, बीबीएफसीचे चिन्ह जागच्या जागी, खालची बाजू चंदेरी. मात्र मागच्या बाजूची बारीक अक्षरे फुटल्यासारखी दिसत होती, जणू छापील पानाची पुन्हा झेरॉक्स काढली असावी.

मी डिस्क टेबलावरच्या दिव्याखाली तिरकी धरली आणि भिंगातून आतले कडे पाहिले. अस्सल डिस्कवर या आरशासारख्या कड्यात कारखान्याचा क्रमांक आणि पट्ट्यांचा बारकोड असतो, आणि त्यासोबत बहुधा दोन ओळखखुणा असतात. ‘आयएफपीआय एल’ने सुरू होणारी खूण मूळ साचा ज्या यंत्रावर कोरला त्याची असते. आणखी आत, पारदर्शक प्लास्टिकमध्ये, दुसरी खूण उमटलेली असते आणि ती डिस्क दाबणाऱ्या साच्याची असते. ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना (आयएफपीआय) आणि फिलिप्स यांनी १९९४ मध्ये ही पद्धत सुरू केली, ती डिस्क कोणत्या कारखान्यातून निघाली हे शोधता यावे म्हणूनच. अगदी प्रत्येक अस्सल डिस्कवर दोन्ही खुणा सापडतीलच असे नाही, त्यामुळे केवळ त्या नसण्यावरून मी निकाल देत नाही. परंतु या डिस्कवर खुणेच्या जागी खरवडल्यासारखा मंद पट्टा होता. खूण नसणे वेगळे आणि ती मुद्दाम पुसलेली असणे वेगळे.

तरीही विक्रेत्यासमोर ठेवण्यासाठी मला त्याहून भक्कम पुरावा हवा होता, आणि तो मिळाला चित्रपटाच्या लांबीतून. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. ब्रिटनच्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत तो २५ चौकटींनी दाखवला जातो, त्यामुळे पालच्या डीव्हीडीवर चित्रपट सुमारे चार टक्के लवकर संपतो. म्हणजे दर तासामागे जवळजवळ अडीच मिनिटे वाचतात. अमेरिका आणि जपानच्या एनटीएससी पद्धतीत असे होत नाही. मागच्या बाजूला छापलेली लांबी पालच्या हिशेबाची होती, डिस्क मात्र चित्रपटगृहातल्या पूर्ण लांबीइतकी चालली. संगणकावर तपासले तेव्हा चित्रात पालच्या ५७६ ऐवजी एनटीएससीच्या ४८० ओळी निघाल्या. म्हणजे मुखपृष्ठ एका देशातून आणि चित्रपट दुसऱ्या देशाच्या आवृत्तीतून उचललेला होता.

मी त्याच दिवशी ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाखाली परतीची विनंती नोंदवली आणि तीन फोटो जोडले : खरवडलेले कडे, विक्रेत्याने आधी पाठवलेल्या फोटोतील कडे, आणि छापील व प्रत्यक्ष लांबी शेजारीशेजारी. ईबेच्या हमीनुसार डिलिव्हरीपासून ३० दिवसांच्या आत ही विनंती करावी लागते, म्हणून पाकीट आल्याबरोबर डिस्क तपासणे फार आवश्यक आहे. वाढदिवसासाठी कपाटात ठेवून दिलेली भेट दोन महिन्यांनी उघडली तर हा मार्ग बंद झालेला असतो. विक्रेत्याने अर्धे पैसे घेऊन डिस्क ठेवून घ्या, आणि तक्रार मागे घेतल्यावर रक्कम पाठवतो, असे सुचवले. मी दोन्ही नाकारले, कारण तक्रार एकदा बंद केली की ती पुन्हा उघडता येईल याची खात्री नसते. सगळा संवाद त्याच संकेतस्थळावर लेखी ठेवला, फोनवर बोललो नाही. विक्रेत्याला तोडगा काढण्यासाठी असलेली मुदत उलटल्यावर संकेतस्थळाला हस्तक्षेप करायला सांगितले आणि पूर्ण रक्कम परत मिळाली.

विक्रेता व्यावसायिक असेल तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदाही सोबत असतो. त्यानुसार वर्णनाशी न जुळणारी वस्तू ३० दिवसांत नाकारून पैसे मागता येतात. संकेतस्थळाकडून दाद मिळाली नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम विक्रेत्याकडून परत वळवून घेणे, मागावा. खरेदीसाठी क्रेडिट कार्ड कंपनीलाही विक्रेत्याइतकेच जबाबदार धरणारे कायद्याचे कलम ७५ शंभर पौंडांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूलाच लागू होत असल्यामुळे डीव्हीडीच्या बाबतीत ते सहसा उपयोगी पडत नाही.

मराठी चित्रपटांकडे वळल्यावर मात्र यांतले काही नियम उलटे होतात, आणि ते लक्षात न घेता अस्सल डिस्कवर संशय घेणारे लोक मी पाहिले आहेत. भारतीय चित्रपटांच्या अनेक अधिकृत डीव्हीडी सर्व प्रदेशांत चालणाऱ्या आणि एनटीएससी पद्धतीच्या असतात. एका डिस्कवर दोन-तीन चित्रपट देण्याची पद्धतही तेथील काही कंपन्यांनी रीतसर चालवली आहे. कमी किंमत हीसुद्धा खूण मानता येत नाही. मोझर बेअर या भारतीय डिस्क उत्पादक कंपनीने २००७ च्या सुमारास ३४ रुपयांत अधिकृत डीव्हीडी बाजारात आणल्या होत्या.

तेथे मी आधार घेतो तो भारताच्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२-अ चा. हे कलम १९८४ च्या दुरुस्तीने आले. त्यानुसार चित्रफितीच्या वेष्टनावर आणि चित्रपट सुरू होताना पडद्यावरही सेन्सॉर मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत, ती चित्रफीत काढणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाची परवानगी घेतल्याचे निवेदन आणि हक्कधारकाचे नाव व पत्ता दाखवणे बंधनकारक आहे. घरगुती नक्कल करणारा मुखपृष्ठ स्कॅन करतो, पण चित्रपट बहुधा दूरचित्रवाणीवरून किंवा इंटरनेटवरून उचलत असल्यामुळे सुरुवातीचे प्रमाणपत्र गायब असते, किंवा कोपऱ्यात एखाद्या वाहिनीचे बोधचिन्ह पुसट दिसत राहते. मराठी डिस्क घेताना म्हणून मी विक्रेत्याकडे आणखी एक फोटो मागतो : चित्रपट सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या प्रमाणपत्राचा. बर्मिंगहॅमच्या एका गृहस्थांनी नुसता फोटो पाठवला नाही, तर प्रमाणपत्रापासून पहिल्या दृश्यापर्यंतचे चित्रण करून पाठवले. त्यांच्याकडच्या आणखी काही डिस्क सासूबाईंनी स्वतः यादी पाहून निवडल्या आहेत.

राहता राहिला प्रश्न हाती आलेल्या बनावट डिस्कचा. ती पुन्हा विकायला काढणे हा येथे गुन्हा ठरू शकतो, आणि धर्मादाय दुकानाला दिली तर ती त्यांच्या फळीवरून दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल. विक्रेत्याने ती परत मागितली नाही. मी सिटिझन्स ॲडव्हाइस या नागरिकांना सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक मदत क्रमांकावर सर्व माहिती कळवली, कारण ट्रेडिंग स्टँडर्ड्स या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी विभागाकडे तक्रार त्यांच्यामार्फतच जाते. चौकशीत लागलीच तर हाताशी असावी म्हणून डिस्क त्या विक्रेत्याच्या पाकिटासह आणि छापील संवादासह मी वेगळी ठेवली आहे, आणि पाकिटावर ‘बनावट’ असे ठळक लिहून ठेवले आहे.