तुम्ही विचारलंत म्हणून: चहा पिऊनही झोप लागते, मग बिघडलं कुठे?

दुपारी दोननंतर मी चहाला नाही म्हणते, आणि त्यावर हमखास एक प्रश्न येतो: "आम्हाला तर रात्री चहा घेतला तरी पडल्या पडल्या झोप लागते. तुम्हालाच कसा त्रास होतो?" उभ्या उभ्या दोन वाक्यांत दिलेलं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहिते.

मलाही झोप लागायची, आणि तीही पडल्या पडल्याच. मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर बारीक अक्षरांवर नजर, आणि ती ढळायला लागली की चहा. दिवसाचे सहा कप व्हायचे, शेवटचा रात्री साडेआठला. अकराला मी झोपलेली असायचे. पण तीनच्या सुमाराला जाग यायची, पुढे पहाटेपर्यंत झोप वरवरची, आणि उठताना अंग जड. त्या जडपणावर उपाय म्हणून पहिला कप. तीन वाजताची जाग आणि चहा यांचा काही संबंध असेल, हे कित्येक वर्षं माझ्या मनातही आलं नाही. झोप तर लागत होती ना!

चहाने तरतरी येते असं आपण म्हणतो. पण चहा अंगात नवी शक्ती घालत नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य हळूहळू साठत जातं. पेशी ऊर्जा खर्च करतात, त्यातूनच ते तयार होतं. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे ते जाऊन बसलं की 'आता पुरे, झोपा' हा निरोप पोचतो. चहातलं कॅफिन घडणीने ॲडेनोसिनशी इतकं मिळतंजुळतं असतं की ते याच जागा अडवून बसतं, पण निरोप काही देत नाही. थकवा होता तिथेच असतो, फक्त त्याची वर्दी थांबते. इकडे ॲडेनोसिन साठतच राहतं, आणि काही तासांनी कॅफिन ओसरलं की तुंबलेली झोप एकदम अंगावर येते.

"मला तर चहा घेतल्या घेतल्या पेंग येते," असंही काही जण सांगतात. त्यात आश्चर्य नाही. कॅफिनचा पुरता अंमल चढायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत घडतं ते एवढंच, की आपण काम थांबवून बसतो आणि पोटात काहीतरी गरम जातं. कामाच्या ओघात दबलेली झोप मग वर येते. त्यातून वेळ दुपारची असेल तर शरीराच्या घड्याळातच तेव्हा एक उतार असतो, जेवलेलं असो वा नसो.

आता मूळ मुद्दा, रात्रीचा. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. एका कप काळ्या चहात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, कडक केला तर आणखी. संध्याकाळी पाचला दोन कप झाले असतील, तर रात्री दहाला जवळजवळ एका कपाइतकं कॅफिन अंगात शिल्लक असतं. उशाशी ठेवलेला चहाचा कप पिऊन कुणी दिवा मालवत नाही, पण हिशेबाने घडतं तेच. तरीही झोप लागते, कारण दिवसभराचं ॲडेनोसिन भरपूर साठलेलं असतं. झोप लागण्यापुरतं निभावून जातं. कॅफिन कुरतडतं ते झोपेच्या गाढपणाला, आणि ती कुरतड झोपलेल्या माणसाला कळत नाही.

२०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी लोकांची झोप एक तासाहून जास्त कमी झाली. मोजणाऱ्या यंत्राने ही घट स्पष्ट दाखवली. त्यांच्या स्वतःच्या डायरीत ती तितकी स्पष्ट नव्हती. ४०० मिलिग्रॅम म्हणजे आठ-दहा कप चहा, तेव्हा एका कपाने असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण 'मला काही होत नाही' हा आपलाच दाखला किती कच्चा असू शकतो, ते मला या प्रयोगाने पटवलं.

माणसामाणसांत फरक असतो, हे मात्र अगदी खरं. यकृतातलं एक विकर कॅफिन मोडतं आणि त्याचा वेग जन्मापासूनच वेगवेगळा असतो. गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हा वेग फार मंदावतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही मंदावतो, धूम्रपानाने वाढतो. एकाच किटलीतला चहा दोघांना दोन तऱ्हेने लागतो तो यामुळे.

"चहातलं कॅफिन कॉफीपेक्षा सौम्य," हेही नेहमी ऐकू येतं. १८२७ मध्ये चहातून हे द्रव्य वेगळं काढलं तेव्हा त्याला 'थेइन' असं निराळं नावच दिलं होतं. ते आणि कॅफिन एकच आहे हे १८३८ मध्ये सिद्ध झालं. चहा सौम्य वाटतो तो मुख्यतः कपातलं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं म्हणून. चहात थिॲनिनही असतं, मन निवांत करणारं म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पण प्रयोगांत वापरतात तितकं थिॲनिन एका कपात नसतं.

मी चहा कमी केला तो टप्प्याटप्प्याने, दर चार दिवसांनी दिवसातला शेवटचा कप वगळत. एकदम सोडायचा प्रयत्न आधी केला होता आणि दुसऱ्याच दिवशी डोकं असं ठणकलं की काम बाजूला ठेवावं लागलं. नेहमीचं कॅफिन थांबलं की बारा ते चोवीस तासांत अशी डोकेदुखी सुरू होते आणि ती आठवडाभरही टिकू शकते. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलं की माझं डोकं का दुखायचं, हे मला तेव्हा उमगलं. शेवटचा कप दोनच्या आत आल्यावर पंधरा दिवसांत तीनची जाग थांबली.

ज्यांना थकवा कायमच असतो त्यांना मी आधी रक्त तपासून घ्या म्हणते. जेवणाबरोबर घेतलेला चहा धान्य-भाज्यांतलं लोह पुरतं शोषू देत नाही. लोह कमी, म्हणून थकवा, म्हणून आणखी चहा, असं चक्र मी जवळच्या माणसांत पाहिलं आहे. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तरी बराच फरक पडतो.

मग दुपारी डोळे मिटायला लागले तर? एक वाजता कप संपवते आणि लगेच पंधरा मिनिटांचा गजर लावून आडवी होते. तेवढ्या डुलकीत थोडं ॲडेनोसिन ओसरतं आणि उठताना कॅफिन नुकतंच चढायला लागलेलं असतं. पेंगुळलेल्या वाहनचालकांवर इंग्लंडमध्ये १९९७ साली हेच करून पाहिलं होतं, आणि नुसत्या कॅफिनपेक्षा कॅफिन आणि डुलकी दोन्ही मिळून जास्त उपयोगी ठरलं. दोननंतर पेंग आली तर मात्र नुसती डुलकी, चहा नाही.