नाईट मोड लावून ताईची नाईट ड्युटी सुटत नाही

आज डोक्यात दिवसभर तोच विषय. घरच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की रात्री मोबाईल बघितला की कॅन्सर होतो, झालं, सगळे लगेच नाईट मोड शोधायला लागले, आणि ताई, जी इतकी वर्षं नर्स म्हणून नाईट ड्युट्या करतेय, तिने नुसता हसणारा इमोजी टाकला. मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

मग बसून नीट वाचलं. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या शिफ्टच्या कामाला २ए गटात टाकलं, म्हणजे 'बहुधा कॅन्सरकारक', आणि २०१९ मध्ये परत तपासून नाईट शिफ्टला त्याच गटात ठेवलं. रेड मीटही त्याच गटात आहे. पण हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, हे फॉरवर्ड करणाऱ्यांना कोण सांगणार!

बाकी शरीरात होतं काय तर डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात ज्यांचं मुख्य काम बघणं नाहीच, त्या निळसर उजेड ओळखून मेंदूतल्या घड्याळाला दिवस आहे असं कळवतात, मग मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली असं शरीराला सांगणारं हार्मोन, सोडायचं थांबवते किंवा कमी करते. हेच घड्याळ पेशी कधी विभागायच्या, डीएनएची दुरुस्ती कधी करायची यातही हात घालून असतं, म्हणून कॅन्सरची शंका येते. १९८७ मध्येच कॅन्सरचे संशोधक रिचर्ड स्टीव्हन्स यांनी रात्रीचा उजेड आणि ब्रेस्ट कॅन्सर यांचा संबंध असू शकेल असं मांडलं होतं.

पुढे २००१ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात ३० किंवा जास्त वर्षं रोटेशनने नाईट केलेल्यांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचा धोका साधारण ३६ टक्के जास्त दिसला (शंभरात ३६ जणींना होतो असं नाही हं, मूळ धोक्याच्या तुलनेत तेवढा वाढला). आणि २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध दिसलाच नाही. म्हणजे ठाम काही नाही, पण हसण्यावारी न्यायचंही नाही. डेन्मार्कमध्ये तर वर्षानुवर्षं नाईट करून ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या काही बायकांना नुकसानभरपाई मिळालीय.

मला राग याचा येतो की सगळे सल्ले आपल्यासारख्या अंथरुणात पडून स्क्रोल करणाऱ्यांना, ज्यांना फोन बाजूला ठेवायला फुकटात जमतं, आणि जिला वॉर्डात पहाटेपर्यंत ट्यूबलाईटखाली सलाईन बदलायचंय तिला मात्र कोणी काही विचारत नाही. रात्री पेशंट बघायला माणूस लागणारच, ते मान्य, पण सलग किती नाईट लावायच्या, दोन शिफ्टमध्ये गॅप किती ठेवायचा, हे रोस्टर बनवणाऱ्याच्या हातात असतं ना.

ताईला संध्याकाळी फोन केला, मॅमोग्राफीचं, म्हणजे ब्रेस्टच्या एक्स-रे तपासणीचं, डॉक्टरांना विचार म्हटलं. ती म्हणाली, "आधी झोपू दे मला, आज परत नाईट आहे."