कुलूप लावून ये

"आज मी आधी खाली जाते, तू कुलूप लावून ये."

बायको एवढंच म्हणाली आणि चपला घालून गेली. शिवाजी मंदिरला चारचं नाटक. रविवार, म्हणजे मेगाब्लॉक. मुलुंडहून दादरला जाणाऱ्या जलद गाड्यासुद्धा माटुंग्यापर्यंत धीम्या मार्गावर. म्हणून मी अडीचलाच बूट घालून दारात उभा. दर वेळेसारखा.

कुलूप लावणार, तेवढ्यात दुधाचं पातेलं दिसलं. अजून कोमट. फ्रीजमध्ये ठेवू की बाहेर? बूट काढले. बाल्कनीत कपडे, आभाळ भरलेलं. कपडे आत. गॅस बंद, पण सिलेंडरचा रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो? (हसू नका. सतरा वर्षं झाली लग्नाला.) मोरीतला नळ उघडाच राहिला होता, संध्याकाळी पाणी आलं असतं तर खालच्यांच्या छतातून धबधबा. आईची चारची गोळी वाटीत काढून ठेवली. मग लक्षात आलं, तिच्या उशाशी पाण्याचा तांब्याच नाही.

खालून फोन. "झालं का रे?"

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. कारण हेच शब्द मी दारातून ओरडतो, बोटात किल्ली फिरवत.

खाली पोचलो तेव्हा पावणेतीन वाजून गेले होते. ती काही बोलली नाही, फक्त विचारलं, "दूध?"

"फ्रीजमध्ये."

"कोमट होतं ना अजून?"

तुमच्या घरी कुलूप कोण लावतं?