कोकणकड्यावर भाड्याचा तंबू नेणार असाल तर हे आधी वाचा

भाड्याचा तंबू घेताना तो दुकानदारासमोर पूर्ण उभा करून बघा. पंधरा मिनिटं लागतात. शुक्रवारी संध्याकाळी गाडी चुकेल म्हणून आम्ही ते केलं नाही, आणि शनिवारी हरिश्चंद्रगडावर, त्याच्या कोकणकडा नावाच्या उभ्या कड्याजवळ, रात्री दीडपासून उजाडेपर्यंत मी आणि माझी मैत्रीण आळीपाळीने मोडका पोल हातात धरून बसलो.

आम्ही चौघं खिरेश्वरहून चढलो. टोलार खिंडीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहे. तिथे तंबूची पिशवी सॅकला आडवी बांधलेली असेल तर ती रेलिंगमध्ये अडकते आणि माणूस मागे खेचला जातो. माझं दोनदा झालं. पिशवी उभी बांधा, किंवा पोल आणि कापड वेगळं करून दोघांत वाटून घ्या. टप्पा संपला की गड आला असं वाटतं, पण मंदिरापर्यंत जंगलातून चढउतार बरेच आहेत. माणशी तीन लिटर पाणी ठेवा.

आता मुख्य गोष्ट. कड्याजवळ माती नावापुरती, खाली सलग बेसॉल्ट. दोन इंच आत गेली की खुंटी वाकते. आम्ही ठोकाठोकी करत होतो तेव्हा तिथले एक मामा येऊन म्हणाले, "ताई, इथं खुट्टी जायची नाही. दगडाला बांधा. अन् कड्यापासनं मागं घ्या, रातच्याला वारं फिरतंय." आम्ही तंबू मागे झुडपांच्या आडोशाला घेतला, पण दगडाला बांधायला दोरच नव्हता. पिशवीत ताणाचे दोर चार हवेत, निघाले दोन, तेही हातभर. म्हणून सांगते, तीन मिलिमीटरचा पंधरा मीटर दोर स्वतःचा न्या. खुंटीला मधोमध दोर बांधून ती आडवी टाकायची आणि तिच्यावर जड दगड रचायचे. दगडाच्या धारेवर दोर घासू देऊ नका, रात्रभरात तुटतो.

संध्याकाळी वारा कड्याखालून वर येत होता. मध्यरात्रीनंतर तो मागून यायला लागला आणि मामांचं म्हणणं अक्षरशः खरं झालं. आमचा तंबू आडवा दाबला गेला, आणि सेलोटेप गुंडाळलेला फायबरचा पोल त्या टेपपाशीच मोडला. म्हणजे तो आधीच तडकलेला होता. असा पोल मोडला तर त्यावर सरकवायची अॅल्युमिनियमची छोटी नळी मिळते, बोटभर लांबीची. ती आणि कापडी चिकटपट्टी सॅकमध्ये असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

ह्या तंबूला वरचं कव्हर म्हणजे डोक्यापुरती टोपी होती. असला तंबू हिवाळ्यातही घेऊ नका. कव्हर जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि आतल्या जाळीपासून सुटं राहिलं पाहिजे. श्वासातली वाफ मग जाळीतून बाहेर पडून कव्हरवर थिजते, तुमच्या अंगावर ठिबकत नाही. शेजारच्या तंबूतली मुलं पहाटे "तंबू गळतोय" म्हणत होती. पाऊस नव्हताच. थंडीमुळे त्यांनी सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या, एवढंच. वरची झडप उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.

'तीन माणसांचा' तंबू म्हणजे दोन माणसं आणि दोन सॅक. ह्यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये.

स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात जो तापमानाचा आकडा छापतात तो बऱ्याचदा कशीबशी रात्र निभावण्याचा असतो, आरामाचा नव्हे. बारीक अक्षरातला आरामाचा आकडा बघा. पण खरी थंडी खालून येते. भाड्याच्या पातळ चंदेरी चटईवर काहीही पांघरलं तरी पाठ गार पडते. फोमची जाड मॅट घ्या, इतर कशावर काटकसर करायची ती करा. आणि थंडी वाजते म्हणून तंबूत स्टोव्ह पेटवू नका. कापड पेटतं, आणि बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड झोपेत जीव घेतो. त्याला वास नसतो.

सकाळी तारामती, केदारेश्वर, पाचनईकडे उतार. सगळं सुंदर आणि सोपं.

पैशांचं. एका तंबूचं भाडं ठरलं होतं रात्रीला सहाशे. परत देताना दोन रात्रींचे लावले, कारण शुक्रवारी संध्याकाळी नेला होता. डिपॉझिट दोन हजार, त्यातले दीड हजार पोलचे म्हणून कापले. सेलोटेप आमची नव्हती हे सिद्ध करायला आमच्याकडे काहीच नव्हतं. तंबू ताब्यात घेताना प्रत्येक पोलचा, चेनचा आणि खुंट्यांच्या संख्येचा व्हिडिओ काढा, तो तिथेच मालकाला पाठवा, आणि 'रात्र' कुठून कुठपर्यंत मोजणार हे त्याच्याकडून लिहून घ्या. लिहून द्यायला कुरकुर केली तर दुसरं दुकान बघा. तेही नसेल तर सरळ गडावरच्या गावकऱ्यांकडे मुक्काम करा. मामांचे तंबू त्या रात्री जागचे हलले नव्हते, प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांना मांडीएवढा दगड होता.