छेद कोणता घ्यायचा?

साथरोगशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास सुरू करताना अनेकांना संख्याशास्त्रातील सूत्रांची धास्ती वाटते, पण माझ्या मते खरी कसोटी लागते ती छेद ठरवताना. किती जण आजारी पडले, हा अंश बहुधा हाती लागतो. ते कोणापैकी आणि किती काळात, हे ठरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

ब्रिटिश डॉक्टर जॉन स्नो यांची कॉलऱ्याच्या साथीतील पाण्याच्या पंपाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र १८५४ च्याच लंडनमधील त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. शहराच्या दक्षिण भागात दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून जात आणि शेजारशेजारच्या घरांना वेगवेगळे पाणी मिळे. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये थेम्स नदीतून पाणी उचलण्याची जागा शहराच्या वरच्या अंगाला हलवली होती, तर साऊथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराचे सांडपाणी मिसळलेले पाणीच पुरवत होती. हवा तीच, वस्ती तीच, फरक काय तो पाण्याचा. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साऊथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले आणि लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. नुसते मृत्यू पाहिले तर फरक जवळजवळ तेरा पट भासतो. घरांच्या संख्येने भागल्यावर तो आठ पटींहून थोडा अधिक उरतो. निष्कर्ष तोच राहतो, पण आता तो विश्वासार्ह ठरतो, आणि हा भागाकार वहीत स्वतः करून पाहावा असे मी आग्रहाने सांगेन.

इन्सिडन्स (ठरावीक काळात नव्याने आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण) आणि प्रिव्हलन्स (एका वेळी आजारी असलेल्या सर्वांचे प्रमाण) यांतील भेदही इथूनच उलगडतो: एखाद्या उपचाराने रोग बरा न होता रुग्णांचे आयुष्य वाढले, तर नवे रुग्ण तितकेच राहूनही एकूण रुग्णांचे प्रमाण वाढते.

केस-कंट्रोल अभ्यासात, म्हणजे रोग झालेल्यांची (केस) तो न झालेल्यांशी (कंट्रोल) तुलना करताना, तर मूळ छेद हाती नसतोच. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांची तुलना इतर आजारांच्या तितक्याच पुरुष रुग्णांशी केली, तेव्हा धूम्रपान न करणारे पहिल्या गटात २ आणि दुसऱ्यात २७ निघाले. म्हणजे ऑड्स रेशो (धूम्रपान करणारे आणि न करणारे यांचे पहिल्या गटातील गुणोत्तर दुसऱ्या गटातील गुणोत्तराच्या किती पट, तो आकडा) सुमारे १४. रुग्ण ज्या लोकसंख्येतून आले तिचा नमुना म्हणून इथे कंट्रोल गट उभा असतो, म्हणूनच त्याची निवड हा या पद्धतीचा सर्वांत नाजूक भाग आहे. त्यातील काहींचे आजारही धूम्रपानामुळे झालेले असतील, तर खरा संबंध प्रत्यक्षाहून क्षीण दिसतो, हे अनेक पाठ्यपुस्तके घाईने उरकतात. पुढे १९५१ मध्ये या दोघांनी ब्रिटिश डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून त्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. कोण किती धूम्रपान करतो हे मृत्यूच्या आधीच नोंदलेले असल्यामुळे या अभ्यासात प्रत्येक मृत्यूमागचा छेद सुरुवातीपासूनच माहीत होता.