साष्टीचं पुराण, रावेरची चाल

जळगावच्या एका कॉलेजात मी एम.ए.ला मराठी शिकवतो. त्या वर्षी वर्गात वसईकडच्या एक सिस्टर होत्या. इथल्या कॉन्व्हेंटमध्ये राहून शिकत होत्या. पुढे त्यांच्या संस्थेच्या कॉलेजात मराठीच शिकवायचं होतं.

त्या दिवशी ‘क्रिस्तपुराण’ घेतलं होतं, बायबलातली कथा मराठी ओव्यांत सांगणारं. ते लिहिणारे फादर स्टीफन्स इंग्लंडचे, जेझुइट संघाचे पाद्री. १५७९ला गोव्यात आले आणि १६१६ला तिथल्याच साष्टीतल्या राशोलला त्यांचं पुराण छापून निघालं. जवळपास अकरा हजार ओव्या, त्याही रोमन लिपीत. ‘भासांमाजि चोखळा भासा मराठी’ ही ओळ आली की वर्ग दरवर्षी खूश होतो.

त्या वर्षी मात्र रावेरकडचा एक मुलगा उठला. घरी केळीची शेती, आजी चातुर्मासात पोथी लावणारी. म्हणाला, “सर, पहिले लोकांच्या पोथ्या बंद केल्या, मंग आपली पोथी दिली. असंच ना?”

मला विषय टाळता आला असता. टाळला नाही. साष्टीतली देवळं १५६७मध्ये पाडली गेली, हे सांगितलं. हेही सांगितलं की खुद्द या पुराणाच्या सुरुवातीलाच नवे ख्रिस्ती पाद्रींना विचारतात: आमची जुनी पुराणं तुम्ही वर्ज्य केलीत, मग दुसरं पुराण का करून देत नाही? ज्यांच्या ओठांवरची ओवी गेली, त्यांची तहान कवीनं लपवली नाही. म्हणून मला हा ग्रंथ मोठा वाटतो.

सगळ्यांच्या नजरा सिस्टरांकडे. त्या उभ्या राहिल्या, क्षणभर बाकाची कड घट्ट धरली. “त्याचं म्हणणं खरं आहे. हे वाचताना मलाही जड जातं.” मग हळू आवाजात म्हणाल्या, “कॅथलिक विद्यापीठांसाठी पोपसाहेबांनी १९९०मध्ये नियम घालून दिले. कॉलेजच्या कामात आमची श्रद्धा दिसावी, पण प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य पूर्ण राखावं, असं त्यात आहे. उद्या माझ्या वर्गात असाच कुणी उठला तर त्याला बसवायचं नाही, एवढं मी आज ठरवलं.”

मी इतकी वर्षं शिकवतोय, पण साहित्याचा वर्ग कशासाठी असतो ते इतकं सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग त्यांनी ओव्या वाचल्या, गद्यासारख्या. दोन झाल्यावर त्या मुलाला राहवेना. “सिस्टर, अशी नाही म्हणत ओवी.” आणि आजीच्या चालीत त्यानं तीच ओवी लावली. शेवटचा चरण आखूड पडतो तिथं आवाज खाली सोडायचा, हेही त्यानं हातानं दाखवलं. सिस्टर त्याच्यामागे म्हणत गेल्या. तास संपल्याची घंटा झाली, कुणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आजीची ‘हरिविजया’ची पोथी घेऊन आला, लाल फडक्यात बांधलेली. सिस्टर आधी बाहेरच्या नळावर गेल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि मग गाठ सोडली.