पेटी बंद केल्यानंतरचा गंधार

कागलहून माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या एका मुलीला गेल्या पावसाळ्यात मी बुवांकडे घेऊन गेले. विशारदची परीक्षा तोंडावर आली होती, राग बसले होते, ताना तयार होत्या. तरी तिचे गाणे ऐकताना मला सतत जाणवत असे की हिला यापुढे एका गुरूची रोजची तालीम हवी, आणि ती माझ्या वर्गात मिळण्यासारखी नाही. वर्ग चालवणाऱ्यांपैकी फार थोडे जण तयार विद्यार्थी आपणहून दुसऱ्याच्या हाती देतात, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. असा विद्यार्थी हीच वर्गाची जाहिरात असते.

बुवा जयपूर-अत्रौली घराण्याचे. कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेतल्या बैठकींमध्ये मी त्यांना अनेकदा ऐकले होते. मैफलीत ते साथीला पेटी घेतात, पण तालमीच्या खोलीत पेटी येऊ देत नाहीत. मुलीने भूप राग सुरू केला. पहिल्या आवर्तनाची सम येण्याआधीच बुवांनी हात वर करून तिला थांबवले आणि तानपुरा जवळ ओढला.

पुढचा बराच वेळ त्यांनी तिला गाऊच दिले नाही. आधी पंचम, मग जोडीच्या तारा, शेवटी खर्ज म्हणजे खालच्या सा ची तार, असे जुळवून झाल्यावर ते घोडीवरच्या तारांखालचा दोरा नखाने केसभर पुढेमागे सरकवू लागले. दोरा नेमक्या जागी आला की जवारी खुलते, म्हणजे तारेचा नाद भरून घुमू लागतो. तो जरा चुकला तर तार बसकी बोलते किंवा नुसतीच झणझणते. मिरजेच्या कारागिरांचे हात यासाठीच नावाजलेले आहेत. खर्जाची जवारी मनासारखी खुलल्यावर बुवांनी तीच एक तार छेडली आणि विचारले, “काय ऐकू येतंय?”

“सा.”

“आणखी?”

मुलगी गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. मी काहीच बोलले नाही, कारण हे कोणी सांगून कळत नाही. बुवा तार छेडत राहिले आणि बऱ्याच वेळाने ती दबक्या आवाजात म्हणाली, “गंधार आहे का हो आत?”

खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा हा स्वयंभू गंधार आणि पेटीचा शुद्ध गंधार एक नव्हेत. सप्तकाचे बारा समान भाग करून पेटी लावलेली असते. त्यातल्या एका भागाचे आणखी शंभर अंश कल्पिले, तर पेटीचा गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ अंशांनी चढा असतो. एवढा फरक श्रोत्याला नावाने सांगता येत नाही, पण भूपात गंधार वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, असल्यामुळे तो चढा लागला की राग तयार असूनही कोरडा वाटतो. पंधरावीस मुलांचा वर्ग पेटीवाचून चालत नाही, हे मी अनुभवाने सांगते. परंतु गायक घडवण्याचे काम पेटीवर सोपवता येत नाही, आणि आपल्या परीक्षांची सगळी रचना तर तसेच गृहीत धरते. दिलेल्या मिनिटांत आलाप, ताना आणि बंदिशीची माहिती झाली की गुण मिळतात. गंधार कुठे लागला हे फारसे कोणी पाहत नाही.

त्या सकाळी मुलगी फक्त षड्ज आणि गंधार गायली. मग बुवा म्हणाले, “मी शिकवतो. पण परीक्षा नाही आणि स्पर्धाही नाहीत, मी सांगेपर्यंत.”

वडील दाराशीच बसले होते. मुलीला शाळेत संगीतशिक्षिकेची नोकरी मिळावी म्हणून त्यांना विशारद हवे आहे. घरची परिस्थिती मला ठाऊक असल्यामुळे मी बुवांना म्हणाले, “तुमच्याच घराण्याचे मल्लिकार्जुन मन्सूर आधी मंजीखाँसाहेबांकडे आणि नंतर भूर्जीखाँसाहेबांकडे शिकले तेव्हा ते नावारूपाला आलेले गवई होते. गाऊन कमावत होते आणि शिकतही होते. मग हिने परीक्षा देऊन शिकायला काय हरकत आहे?”

बुवांना राग आला नाही. “मन्सूर मिरजेला नीलकंठबुवांकडे पक्के होऊन आले होते,” ते म्हणाले. “हिचा सूर अजून लागायचा आहे. अर्धवट सूर परीक्षेसाठी घोटला तर तो तसाच पक्का होईल. मग मी काय मोडू आणि काय बांधू?”

संगीताच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के पटते. मात्र ज्या काळात ही शिस्त घडली त्या काळाचा हिशेबही मांडायला हवा. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरात स्थिरावले ते राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे, आणि १९२२ साली महाराज गेल्यानंतर त्यांनीही मुंबईची वाट धरली. गुरूची चूल दरबार पेटती ठेवत होता, म्हणून शिष्यावर वर्षे खर्च करता येत होती. कोल्हापुरात शिकवणारे जाणते लोक आजही आहेत आणि बुवा तर या मुलीकडून एक पैसाही घेत नाहीत. पण ती वर्षे शिष्याच्या घरच्यांनी कशावर काढायची, याची तजवीज आज कोणीच करत नाही. सत्काराच्या शाली आणि श्रीफळे यांवर आपल्या संस्था जो खर्च करतात, त्यातून अशा दोन मुलींचे एस.टी.चे पास आणि जेवण सहज निघेल.

त्या वर्षीची परीक्षा पुढे ढकलायला वडील कसेबसे तयार झाले. मुलगी आता आठवड्यातून तीनदा पहाटेच्या गाडीने बुवांकडे येते आणि संध्याकाळी माझ्या वर्गात लहान मुलांना अलंकार शिकवते. त्याचे मानधन मी देते. तिचा गंधार खाली उतरून स्थिरावला आहे. ताना मात्र जवळजवळ सुटल्या आहेत, त्यामुळे परीक्षेच्या मापाने पाहिले तर ती मागेच गेली आहे आणि वडिलांना नेमके तेवढेच दिसते.

यंदाच्या परीक्षेचे अर्ज निघाले आहेत. वडिलांनी विचारले, “मॅडम, भरायचा का?” मी बुवांकडे गेले, तर त्यांनी हो म्हटले नाही आणि तारीखही दिली नाही. मुलगी म्हणते, “ताई, तुम्ही ठरवा.” अर्ज माझ्या टेबलावर आहे, आणि मुदत संपण्याआधी वडिलांना काय सांगायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही.